अनूपातील जांगल : दहिसरच्या अंगणात खडीचा वनौषधी वाफा

योगराज गुग्गुळ, त्रिफळा गुग्गुळ, कांचनार गुग्गुळ ही नावे दिवसाकाठी आपल्या लेखणीतून किती वेळा उतरतात, याची गणती कोणी ठेवीत नाही. परंतु गुग्गुळाचे जिवंत झाड आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे, असा प्रश्न एखाद्या सभेत विचारला तर वर होणारे हात बोटांवर मोजता येतील. अश्वगंधेचे मूळ आपण ओळखतो, क्षुप ओळखू याची खात्री नाही. शंखपुष्पी म्हणून बाजारात येणारी जुडी कॉन्व्हॉल्व्ह्युलसची, इव्हॉल्व्ह्युलसची की गोकर्णाची, हे ठरविण्यासाठी पुस्तकातील चित्राखेरीज अन्य साधन आपल्याजवळ नसते. औषधी दुकानांची स्थितीही याहून वेगळी नाही. द्रव्य पोत्यातून येते, पोत्यावर नाव असते आणि त्या नावावर विश्वास ठेवून व्यवहार होतो.

आयुर्वेद महाविद्यालयांना वनौषधी उद्यान असणे बंधनकारक आहे. चिकित्सालयास अथवा औषधी दुकानास तसे बंधन नाही, तरीही दहिसर-बोरिवली परिसरात अनेक वैद्यबंधूंच्या दाराशी तुळस, कोरफड, अडुळसा यांच्या कुंड्या असतात. त्यापुढे जाऊन गुग्गुळ, अश्वगंधा यांसारख्या कोरड्या प्रदेशातील वनस्पती आपल्या अंगणात वाढविता येतील काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. पाश्चात्त्य देशांत भूमध्य सागरी पद्धतीची, अल्प पाण्यावर जगणारी, खडी पसरलेली बाग लोकप्रिय आहे आणि तिचे अनुकरण मुंबईतील नव्या गृहसंकुलांतही दिसू लागले आहे. ती पद्धत आपल्या उपयोगी पडेल. मात्र ती जशीच्या तशी उचलल्यास फसेल, कारण देश भिन्न आहे. त्यामुळे आरंभ देशविचारानेच करणे योग्य ठरेल.

देशविचार

चरकसंहितेच्या कल्पस्थानात, पहिल्याच अध्यायात, औषधी कोठून घ्यावी हे सांगताना जांगल, अनूप आणि साधारण या तीन देशांचे वर्णन येते. जांगल देश मोकळ्या आकाशाचा, कोरड्या वाऱ्याचा, खदिर, धव, शल्लकी, बदरी, शमी अशा वृक्षांचा असून त्याची भूमी पातळ, खरखरीत आणि सिकता व शर्करा यांनी युक्त असते. शर्करा म्हटले की आपणास साखर आठवते आणि अश्मरीच्या प्रकरणातील शर्कराही आठवते. येथे मात्र शब्दाचा मूळ अर्थ घ्यावयाचा आहे, तो म्हणजे खडे, म्हणजेच आजच्या बोलीतील खडी. वात-पित्तप्रधान जांगल देशाचे लक्षण सांगताना आचार्यांनी खडीचा उल्लेख केला आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

अनूप देश याच्या उलट. नारळी-केळीची बने, नद्यांचे आणि समुद्राचे काठ, गार वारे, वात-कफाचे प्राबल्य. हे वर्णन वाचताना दहिसरकराला आपले गाव आठवल्याविना राहणार नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील तुळशी तलावापाशी उगम पावणारी दहिसर नदी वस्तीतून वाहत मनोरीच्या खाडीस मिळते. पूर्वेस डोंगर, पश्चिमेस खाजण आणि खारफुटी, मध्ये आपण. ग्रंथोक्त अनूप देशाचे हे चालते-बोलते उदाहरण होय.

तेव्हा प्रश्न असा मांडावा लागतो : अनूप देशात बसून एका लहानशा वाफ्यापुरता जांगल देश निर्माण करता येईल का? उत्तर होकारार्थी आहे, परंतु त्यासाठी आपला प्रतिस्पर्धी कोण हे आधी ओळखले पाहिजे. दुष्काळ सोसणाऱ्या बागेचा शत्रू दुष्काळ असणार असे आपण गृहीत धरतो. दहिसरमध्ये तो शत्रू श्रावण आहे, वैशाख नव्हे.

भूमध्य सागराचा पाऊस आणि आपला पाऊस

भूमध्य सागराच्या काठी पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. अथेन्ससारख्या शहरी वर्षभरात सुमारे ४०० मि.मी. पाऊस होतो. तेथील लव्हेंडर, रोझमेरी, थाइम या वनस्पती थंडीत वाढतात आणि उन्हाळ्यात तग धरून राहतात. उष्णता आणि ओलावा यांची एकाच वेळी गाठ त्यांना बहुधा पडत नाही.

आपल्याकडे हे चक्र उलटे आहे. उपनगरात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत २३०० मि.मी.च्या आसपास पाऊस कोसळतो आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. ओलावा येतो तो उष्णतेसह आणि दमट हवेसह. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मि.मी. पावसाची नोंद झाली. अथेन्सचा दोन वर्षांचा पाऊसही त्याहून कमी भरतो. युनानी वैद्यकात उस्तुखुद्दूस या नावाने वापरली जाणारी लव्हेंडरची जात आपल्या अंगणात असावी असे वाटणे स्वाभाविक आहे, पण ती आणून लावल्यास पहिल्याच पावसाळ्यात मुळांना आणि पानांना कुज लागून ती जाण्याचा संभव अधिक.

हा फरक आकड्यांत मांडून पाहू. दहा फूट लांब व दहा फूट रुंद, म्हणजे शंभर चौरस फुटांच्या वाफ्यावर चार महिन्यांत सुमारे एकवीस हजार लिटर पाणी पडते. त्याच वाफ्यातील दहा रोपांना उरलेल्या काळात आठवड्यास प्रत्येकी तीन लिटर पाणी दिले, तरी एकूण खर्च हजारभर लिटरच होतो. हजार लिटर कसे वाचवावे याची चिंता करण्यापूर्वी एकवीस हजार लिटर कसे वाहून न्यावे याची योजना केली पाहिजे. बागेच्या आखणीचे सारे सूत्र यात आले.

इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात बेथ चॅटो या उद्यानतज्ज्ञ महिलेने १९९०च्या दशकाच्या आरंभी गाड्या उभ्या करण्याच्या जुन्या, रेताड जागेवर खडीची बाग केली आणि एकदा रुजल्यावर तिला नळाचे पाणी द्यावयाचे नाही असे ठरविले. ती बाग पुढे जगप्रसिद्ध झाली. तिचा मूळ विचार असा की, जागेच्या स्वभावाशी जुळेल तेच झाड लावावे, झाडासाठी जागेशी भांडू नये. आपल्या परिभाषेत याला देशसात्म्य म्हणता येईल. तिची वनस्पतींची यादी आपण घेण्याचे कारण नाही. घ्यावयाचा आहे तो हा विचार.

एक अनुभव

प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी चिकित्सालयाच्या मागील अंगणात गुग्गुळाची सहा रोपे लावली. मृगाचा पाऊस झाला की झाडे लावावीत या रूढीप्रमाणे लागवड जूनमध्ये केली. मऊ काळी माती आणविली, तीत भरपूर शेणखत मिसळले, वाफा जमिनीच्या पातळीवरच ठेवला आणि शोभेसाठी वर पांढरी खडी पसरली. जुलैत पाने पिवळी पडू लागली. पिवळेपणा म्हणजे उपासमार असे समजून आणखी खत दिले. श्रावण संपता संपता एकेक रोप बुंध्याशी मऊ होऊन कलंडले. उपटून पाहिले तेव्हा मुळे काळी पडली होती आणि मातीला आंबूस वास येत होता.

रुग्ण उपाशी आहे असे समजून आपण त्याला भरवीत राहावे आणि तो अजीर्णाने जावा, तसा हा प्रकार झाला. पाण्याने भरलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, त्यांचे श्वसन थांबते आणि कुजविणाऱ्या बुरशींना वाव मिळतो. वरून लक्षण दिसते ते तहानेचे किंवा भुकेचे, कारण मूळच निकामी झाल्याने पानांना काही पोहोचत नाही. लक्षण पाहून निदान करण्याची घाई आपण रुग्णाच्या बाबतीत टाळतो. झाडाच्या बाबतीत ती टाळली नाही, हा दोष लेखकाचाच. गुग्गुळ ही आज विपुल वनस्पती नाही, म्हणून त्या सहा रोपांची रुखरुख अधिक वाटली. कॉमिफोरा वायटिआय या वनस्पतीची नोंद आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत २०१५ साली ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात झाली. डिंकासाठी निष्ठुरपणे खाचा पाडल्याने कच्छ-राजस्थानातील झाडे वाळत गेली, हे त्यामागील एक मोठे कारण होय.

पुढील वाफा नव्याने आखला. त्यातून जे हाती आले ते पुढे क्रमाने दिले आहे.

जागेची परीक्षा

१. ऊन : दिवसाचे किमान सहा तास थेट ऊन हवे. इमारतीच्या सावलीत जांगल वनस्पती लांबट व दुबळ्या होतात. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून पाऊस तिरपा येतो आणि पत्र्याच्या पन्हळीखाली पाण्याची धार पडते. अशी जागा वर्ज्य करावी.

२. पाणी मुरण्याची परीक्षा : एक फूट खोल व तितकाच रुंद खड्डा खणून पाण्याने भरावा. ते पाणी पूर्ण मुरल्यावर पुन्हा भरावा आणि तासाभरात पातळी किती उतरते हे पट्टीने मोजावे. तासाला एक इंचाहून कमी उतरल्यास जागा जांगल वनस्पतींस अयोग्य समजावी आणि उंच वाफ्याखेरीज लागवड करू नये. दोन इंच वा अधिक उतरल्यास जागा चांगली.

३. क्षार : दहिसर पश्चिमेस खाडीकडील भागात विहीर व कूपनलिकेचे पाणी मचूळ असू शकते. झाडांना ते देण्यापूर्वी तपासून घ्यावे. खडीने निचरा सुधारतो, क्षार जात नाहीत.

४. पूर : नदीकाठच्या सखल वस्तीत जुन्या पुराची खूण भिंतीवर सापडते. वाफ्याचा माथा त्या खुणेच्या वर नेणे शक्य नसेल तर तेथे हा प्रयोग करू नये. तेथे वेखंड-ब्राह्मीचा वाफा उत्तम होईल.

एकाच अंगणात तीन देश

अंगणास एका बाजूकडे हलका उतार द्यावा आणि त्या उतारावर तीन पायऱ्यांची कल्पना करावी. सर्वांत वर जांगल वाफा, मध्ये साधारण, तळाशी अनूप. वरच्या वाफ्यातून निथळलेले पाणी मधल्या भागातून तळाच्या खोलगट जागेत जाते. त्या जागी ब्राह्मी, मंडूकपर्णी, वेखंड, नागरमोथा लावावेत. अशा रीतीने ज्या पाण्याने गुग्गुळ मेला असता त्याच पाण्यावर वेखंड पोसले जाते. विद्यार्थ्याला अथवा जिज्ञासू रुग्णाला देशभेद समजावून सांगण्यासाठी याहून सोपे साधन नाही.

जांगल वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दीड फूट उंच असावा. कडेला चिरे किंवा विटा कोरड्याच रचाव्यात, सिमेंटने सांधू नयेत, म्हणजे फटींतून पाणी बाहेर पडते. बांधीव कट्टा असेल तर तळाशी दर दोन फुटांवर भोके ठेवावीत.

माती भरताना एका रूढ समजुतीपासून सावध राहावे. तळाशी खडीचा जाड थर आणि वर मऊ माती, अशी रचना बहुतेक ठिकाणी करतात. ती फसवी आहे. बारीक मातीतील पाणी खालच्या जाड खडीत सहजी उतरत नाही. मातीचा तळ पूर्ण भिजून चिंब होईपर्यंत ते तेथेच लोंबकळत राहते. कल्क फडक्यात बांधून टांगला तरी पिळेपर्यंत ओला राहतो, तसेच हे समजावे. म्हणून जाडेभरडे द्रव्य तळाशी न घालता संपूर्ण मिश्रणात एकसारखे मिसळावे. लेखकास पुढील प्रमाण मानवले : लाल माती किंवा मुरूम दोन घमेली, धुतलेली जाड रेती अथवा बारीक खडी दोन घमेली, विटांचा भरडा एक घमेले आणि पूर्ण कुजलेले शेणखत अर्धे घमेले. खताचे प्रमाण कमी आहे, ते जाणूनबुजून. जांगल वनस्पती रूक्ष अन्नावर सशक्त राहतात. संतर्पणाने त्या मऊ व रोगट होतात.

खडीविषयी

खडी शोभेसाठी नाही, तिला तीन कामे आहेत. पावसाळ्यात थेंबांचा मारा ती झेलते, त्यामुळे माती घट्ट बसत नाही आणि चिखल उडून पानांना बुरशी लागत नाही. बुंध्याभोवतीचा भाग ती लवकर कोरडा करते. उन्हाळ्यात मातीवर आच्छादन होऊन बाष्पीभवन कमी करते.

आपल्याकडे सर्वत्र मिळते ती काळ्या पाषाणाची बांधकामाची खडी. तीच घ्यावी. अर्धा ते पाऊण इंची आकार योग्य. आणल्यावर धुऊन घ्यावी, कारण तिच्यातील दगडाची भुकटी पावसात खाली बसून मातीचे तोंड बंद करते. थर दोन इंचांचा पुरे. शंभर चौरस फुटांस सुमारे सतरा घनफूट, म्हणजे एका ब्रासचा सहावा भाग खडी लागते. वाफ्यातील मिश्रण दीड फूट उंचीस दीड ब्रास होते.

संगमरवराचे पांढरे तुकडे टाळावेत. उन्हात त्यांची तिरीप डोळ्यांना त्रास देते आणि संगमरवर हा चुन्याचाच दगड असल्याने तो हळूहळू मातीची प्रतिक्रिया बदलतो. नदीचे गुळगुळीत गोटे घसरतात व मधली पोकळी मोठी राहते. खडीखाली प्लॅस्टिकचा कागद अंथरण्याची पद्धतही सोडावी. तो कागद मातीची हवा रोखतो आणि वर साचलेल्या धुळीत तण उगवतेच.

गच्चीवर हा वाफा करू इच्छिणाऱ्यांसाठी एक स्पष्ट इशारा. दीड ब्रास ओले मिश्रण साडेसात टनांच्या आसपास भरते आणि वरील खडी सातशे किलो. जुन्या इमारतीच्या स्लॅबवर असा भार टाकणे धोक्याचे आहे. स्थापत्य अभियंत्याच्या लेखी सल्ल्यावाचून गच्चीवर वाफा करू नये. मातीच्या सुट्या कुंड्या घेऊन तेच मिश्रण त्यांत भरावे. कुंडीखाली ताटली ठेवू नये, कारण तिच्यात साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. खडीच्या वाफ्यावर पाणी साचत नाही, हा चिकित्सालयाच्या दृष्टीने त्याचा एक मोठा गुण होय.

वनस्पतींची निवड

भूमध्य सागरी झुडपांचे आपल्याकडील खरे भाऊबंद शोधायचे असतील तर रोपवाटिकेपेक्षा डोंगराकडे पाहावे. कान्हेरीच्या लेण्यांभोवतीच्या उघड्या खडकांवर पावसाळ्यात पाण्याचे लोट वाहतात आणि एप्रिल-मेमध्ये तोच खडक तापून निघतो. तेथील भिक्षूंनी हे दोन्ही ओळखले होते. लेण्यांच्या दाराशी कोरलेल्या पोढ्यांत पावसाचे पाणी साठवून त्यांनी कोरडे महिने काढले. राष्ट्रीय उद्यानाच्या याच डोंगरउतारांवर कांडोळ, कुडा, धायटी, निवडुंग, करवंद ही झाडे पूर आणि ताण दोन्ही सोसून उभी आहेत. या वनस्पती केवळ पाहाव्यात. राष्ट्रीय उद्यानातून रोप, बी वा साल आणणे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. रोपे मान्यताप्राप्त रोपवाटिकेतून घ्यावीत.

निवडीसाठी तीन गट सोयीचे पडतात.

पहिला गट, खऱ्या जांगल वनस्पती : गुग्गुळ, अश्वगंधा, सोनामुखी. यांना वाफ्याचा सर्वांत उंच भाग द्यावा. गुग्गुळाचे मुळे फुटलेले रोप पावसाळ्याच्या आरंभी लावू नये. ते आश्विन-कार्तिकात लावावे, म्हणजे पुढील पावसापूर्वी त्याला आठ महिने मिळतात. कोरड्या काळात गुग्गुळ पाने टाकतो. तो मेला असे समजून पाणी वाढवू नये. साल नखाने किंचित खरवडून खाली हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. अश्वगंधेचे बी पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीस पेरावे. मध्य प्रदेशातील मंदसौर-नीमच भागात तिची मोठी शेती होते, कारण तेथे पाऊस माफक आणि हिवाळा कोरडा. दहिसरमध्ये तो कोरडा हिवाळा आपणास वापरता येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये फळे लाल झाली की मूळ काढून पाहावे आणि बाजारातील मुळाशी ताडून घ्यावे.

दुसरा गट, दोन्ही ऋतू सोसणाऱ्या : अडुळसा, निर्गुंडी, चित्रक, शतावरी, कोरफड, कांडवेल, कुडा, धायटी आणि कण्हेर. या गटात कण्हेर विशेष उल्लेखनीय आहे. आपले करवीर भूमध्य सागराच्या काठी कोरड्या नद्यांच्या पात्रांत आपसूक वाढते आणि आपल्या देव्हाऱ्यातही असते. निर्गुंडीची एक बहीणही त्या देशांत औषधी म्हणून परिचित आहे. दोन्ही देशांना सात्म्य असलेल्या अशा वनस्पती नवशिक्याने प्रथम लावाव्यात. यश मिळते आणि हुरूप राहतो.

तिसरा गट, भूमीखाली झोपणाऱ्या : सफेद मुसळी, काळी मुसळी, कळलावी. पावसात त्या वर येतात, फुलतात, दिवाळीनंतर पाने वाळतात आणि कंद अथवा मूळ मातीत शांत राहते. दुष्काळ सोसण्याची त्यांची पद्धत निद्रेची आहे. कोरड्या काळात त्यांना पाणी देऊ नये. जागेवर खूण ठेवावी, एरवी खुरप्याने कंद दुखावतो.

कळलावी, कण्हेर, निवडुंगाचे दूध आणि चित्रकाचे मूळ ही तीक्ष्ण वा विषारी द्रव्ये आहेत. रुग्णांसोबत मुले येतात, हे ध्यानी घेऊन ही झाडे वाटेपासून दूर लावावीत आणि त्यांवर ठळक पाटी असावी.

एक गमतीची अडचण येथे नमूद करावीशी वाटते. पावसाळ्यात खडीतून तण उगवते. ते उपटण्यासाठी वाकावे तर हाती लागतो टाकळा, भुईआवळी, माका, आघाडा आणि पुनर्नवा. माळ्याच्या लेखी जे तण, ते आपल्या लेखी द्रव्यगुणाचे अर्धे पुस्तक. प्रत्येकाचे एकेक रोप कडेला राखावे, बाकीचे काढावे. विशेषतः पुनर्नवा आणि तिच्या जागी बाजारात येणारा विषखापरा, ही दोन्ही शेजारी शेजारी वाढू द्यावीत. एकदा दोघांची पाने, फुले व मुळे हातात घेतली की पुन्हा घोटाळा होत नाही.

वर्षचर्या

ज्येष्ठ : मृगापूर्वी पाणी बाहेर जाण्याचे सर्व मार्ग मोकळे करावेत. बुंध्याभोवतीची खडी चार बोटे मागे सारावी. खत देऊ नये.

आषाढ-श्रावण : मोठ्या सरीनंतर तासाभराने वाफा पाहावा. कोठे पाणी दिसले तर त्याच दिवशी चर काढावा. गुग्गुळाच्या लहान रोपांवर पारदर्शक पत्र्याचे तात्पुरते छप्पर चालते, मात्र चारही बाजू उघड्या हव्यात. पिवळे पान दिसताच खत देण्याचा मोह आवरावा.

भाद्रपद-आश्विन : तण काढून, खाली बसलेली खडी हलवून पुन्हा सारखी करावी. अश्वगंधेची पेरणी व नवीन लागवड याच काळात.

कार्तिक ते माघ : नव्या रोपांस आठवड्यातून एकदा, पण खोलवर पाणी. रोज थोडे थोडे शिंपडल्याने मुळे वरच राहतात आणि पुढे उन्हात होरपळतात. खडी बाजूस करून बोट दोन पेरे मातीत घालावे. ओल लागली तर पाणी देऊ नये.

फाल्गुन ते वैशाख : पहिल्या वर्षी पंधरवड्याने पाणी पुरते. दुसऱ्या वर्षापासून रुजलेल्या झुडपांना महिन्यातून एकदा दिले तरी चालते, गुग्गुळास त्याहूनही कमी. महानगरपालिकेने जून २०२४ मध्ये तलावांतील साठा घटल्याने दहा टक्के पाणीकपात लागू केली होती. अशा वेळी पिण्याच्या पाण्यावर झाडे जगविण्यात संकोच वाटतो. हा वाफा तो संकोच दूर करतो. भांडी विसळलेले, साबण नसलेले पाणीही त्याला पुरते.

मर्यादा

या वाफ्यातून औषधनिर्मिती करावी असे सुचविण्याचा हेतू नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, भूमिप्रविभागीय अध्यायात, औषधी घेण्यास योग्य भूमी सांगताना खड्डे, शर्करा, दगड, वारुळे, स्मशान इत्यादींनी दूषित भूमी वर्ज्य ठरविली आहे. म्हणजे चरकोक्त जांगल देशात शर्करा आहे आणि सुश्रुतोक्त ग्राह्य भूमीत ती नको. यात विरोध मानण्याचे कारण नाही. एका ठिकाणी देशाचे वर्णन आहे, दुसऱ्या ठिकाणी संग्रहासाठी भूमीची परीक्षा आहे. परंतु आपल्या खडीच्या वाफ्यास या वचनाचा अर्थ सरळ लागू होतो : वाफा संग्रहासाठी नाही. त्यातच रस्त्यालगतच्या अंगणात धूळ आणि वाहनांचा धूर असतो. अनूप देशात कृत्रिम रीतीने वाढविलेल्या अश्वगंधेचे वीर्य कोरड्या प्रदेशातील अश्वगंधेइतके असेल, असे धरून चालता येणार नाही. गुग्गुळाच्या झाडातून डिंक मिळण्यास अनुकूल प्रदेशातही आठ-दहा वर्षे लागतात. आपल्या झाडास खाच पाडण्याचा विचारही करू नये.

मग लाभ कोणता? लाभ ओळखीचा आहे. गुग्गुळाचे काटेरी, वेडेवाकडे, पापुद्रे सुटणारे खोड ज्याने रोज पाहिले आहे, पान चुरडून त्याचा गंध घेतला आहे, त्याला बाजारातील डिंकाकडे पाहताना पहिला प्रश्न सुचतो. सालईचा डिंक गुग्गुळ म्हणून खपतो हे आपण सर्व जाणतो. औषधी दुकानदाराने खरेदीच्या वेळी तो प्रश्न विचारला, वैद्याने दुकानदारास विचारला, तर घाऊक बाजारापर्यंत त्याचा परिणाम पोहोचेल. आणि जी वनस्पती वाळवंटात नाहीशी होत आहे तिचे मोल दरात किती वाढ झाली एवढ्यावरून आपण ठरविणार नाही.

समारोप

थोडक्यात सांगावयाचे तर, वाफा उंच करावा, जाडेभरडे द्रव्य मातीत सर्वत्र मिसळावे, खडी धुऊन पसरावी, लागवड पाऊस सरल्यावर करावी, खत आवरते ठेवावे आणि निथळलेल्या पाण्यास वेखंड-ब्राह्मीकडे वाट करून द्यावी. एवढे केल्यास दहिसरच्या दमट हवेतही शंभर चौरस फुटांचा जांगल देश उभा राहतो.

लेखकाच्या दुसऱ्या वाफ्यात गुग्गुळाची दोन रोपे आहेत. तीन पावसाळे त्यांनी काढले. चैत्रात ती निष्पर्ण असतात आणि येणारा प्रत्येक जण हे वाळले आहे असे सांगून जातो. तेव्हा साल किंचित खरवडून आतील हिरवा रंग दाखवावा लागतो. गेल्या वर्षी औषधी दुकान चालविणाऱ्या एका बंधूंनी तो पाहिला, पान नसलेल्या त्या फांदीचा वास घेतला आणि आपल्या दुकानातील गुग्गुळाचा डबा दुसऱ्या दिवशी ताडून पाहण्यासाठी घेऊन आले. वाफ्याचे काम त्या दिवशी झाले असे वाटले.

अलमतिविस्तरेण.